बाळूला एरंडेल का पाजलं?

पावसाळा लागला की माझ्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात ‘खात नाही’, पावसाळ्यात ‘खाजवतंय’. हल्ली पत्रांपेक्षा व्हॉट्सॲपवर फोटोच जास्त येतात आणि ते बहुतेक जनावराच्या तोंडाचे असतात. मला खरं तर दुसऱ्या टोकाचा फोटो हवा असतो. शी कशी झाली, लघवी किती वेळा झाली, उलटीत काय पडलं आणि मुख्य म्हणजे माझ्याकडं यायच्या आधी घरात काय काय पाजून झालं, एवढं कळलं की निम्मं निदान होतं. दिलेलं औषध मात्र लपवू नका. मी डॉक्टर आहे, फौजदार नव्हे.

प्रश्न : आमचा बोका बाळू तीन वर्षांचा आहे. शनिवारी सकाळपासून तो सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसत होता, कुंथत होता, ओरडत होता. सासूबाई म्हणाल्या, पोट कडक झालंय. म्हणून दोन चमचे एरंडेल पाजलं. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी नेला तर लघवी तुंबलेली निघाली. नळी घालून तीन दिवस ठेवून घेतला, तेव्हा वाचला. आमचं काय चुकलं? आणि पुन्हा असं होईल का?
– एक गृहिणी, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, सासूबाईंना बोल लावू नका. हीच चूक मी स्वतः केलीय, तीही पदवी घेतल्यावर. १९९६ साली मी शाहूवाडी तालुक्यात सरकारी दवाखान्यात होतो. सगळा दिवस म्हशींची गाभण तपासण्यात जायचा. मांजर हा आमच्या लेखी पेशंटच नव्हता. एका गुरुजींचा फोन आला, “बोका कुंथतोय, काय करू?” न बघताच सांगितलं, “पोट साफ नसेल, थोडं तेल पाजा.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींचा पुन्हा फोन आला. बोका गेला होता, आणि ते माझे आभार मानत होते, वेळ दिल्याबद्दल. ते आभार अजून पचलेले नाहीत.

बोक्याची मूत्रनलिका टोकाकडं फार अरुंद होत जाते. तिथं बारीक खडे किंवा चिकट स्रावाची गुठळी अडकली की बूच बसतं. लघवी आत साठत जाते, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि शेवटी हृदय अडखळतं. हा सगळा खेळ एक ते दोन दिवसांचा. मांजरीची नळी रुंद असते, त्यामुळं मादीत हे क्वचितच होतं.

शी अडली काय आणि लघवी तुंबली काय, कुंथणं सारखंच दिसतं, म्हणून नजर मांजरावर नको, वाळूवर हवी. वाळू कोरडी आहे? बोका दहा-दहा मिनिटांनी जाऊन बसतोय, मागं सारखं चाटतोय, उलटी करतोय, उचलून घेतलं की ओरडतोय? मग रात्रीचे अकरा वाजलेले असोत की रविवार असो, जो डॉक्टर मिळेल त्याच्याकडं त्याच तासाला न्यायचा. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, फुगलेली पिशवी फुटू शकते. आणि एरंडेलाचं म्हणाल, तर ओरडणाऱ्या मांजराच्या तोंडात तेल ओतलं की ते पोटाऐवजी फुफ्फुसात जायची भीती असते. बाळू त्यातूनही सुटला, नशीबवान म्हणायचा.

पुन्हा होईल का? होऊ शकतं, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. कोरडं खाणं कमी करा, ओलं वाढवा. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, पण जेवणाच्या ताटलीला चिकटून नको. बऱ्याच मांजरांना जेवणाशेजारचं पाणी आवडत नाही. खड्यांवरचं खास खाणं दुकानदाराच्या सल्ल्यानं आणू नका. खडा कोणत्या जातीचा, त्यावर ते ठरतं. आणि हो, लठ्ठ, दिवसभर सोफ्यावर लोळणाऱ्या बोक्यांना हे जास्त होतं. बाळूचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, पण तीन वर्षांच्या बोक्याचं नाव बाळू आहे म्हटल्यावर मला थोडा अंदाज आलाय.

प्रश्न : माझ्या मांजरीचं नाक कोरडं आणि कान गरम लागतात. ताप असावा. लहान बाळांना देतात ते पॅरासिटामॉलचं सिरप थेंबभर देऊ का?
– विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : नको. एक थेंबही नको.

पॅरासिटामॉल शरीराबाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फारच दुबळी असते. औषध विष होऊन रक्तावर चाल करतं आणि रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. हिरड्या चॉकलेटी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. माणसाच्या एका गोळीत मांजर जातं. कुणी चुकून दिलंच असेल, तर त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो. ‘बघू सकाळी’ म्हणू नका. आयब्युप्रोफेनचंही तसंच, आणि ते कुत्र्यालाही बाधतं.

आता तापाचं. मांजराचं आणि कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्या हाताला ते नेहमीच ‘तापलेलं’ लागणार. नाक कोरडं म्हणजे ताप, हे आजीबाईंचं शास्त्र. पंख्याखाली झोपून उठलेल्या मांजराचं नाक कोरडंच असतं. ताप थर्मामीटरनं कळतो, तोही मागून लावून. ते जमत नसेल तर एवढंच बघा : ती जेवतेय का, आणि तिच्या ठरलेल्या जागेवर बसतेय का. मांजर जेवण सोडून कपाटाखाली जाऊन बसलं की ते आजारी आहे.

घरात कुणी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचा जेल लावत असेल, तर मांजरीला तो पाय चाटू देऊ नका. या औषधाशी माझा जुना हिशेब आहे. लंगडणाऱ्या, तापलेल्या जनावरांना मी शेकड्यांनी डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं टोचली. मेलेल्या ढोरांचं मांस खाऊन त्याच औषधानं गिधाडं संपत चालली होती, हे आम्हाला नंतर कळलं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याचं विष कसं होतं, याचा धडा मी असा शिकलोय.

प्रश्न : शेजारच्यांचं दोन महिन्यांचं पिल्लू आमच्या नातवाच्या हाताला चावलं. थोडं रक्त आलं. आम्ही लगेच चटणी भरली, वर चुना लावला. पिल्लूच आहे, दात दुधाचे आहेत. इंजेक्शनं घ्यावीच लागतील का? पूर्वी पोटात चौदा घ्यायचे, त्याची पोराला धास्ती बसलीय.
– आजोबा, उचगाव

उत्तर : काका, कोल्हापुरात चटणी कशावर चालत नाही? पण कुत्र्याच्या चाव्यावर चालत नाही. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : आमच्याकडं चटणी म्हणजे मसाल्याचं लाल तिखट.) तिखटानं आणि चुन्यानं जखम भाजते आणि विषाणू आणखी खोल जायला वाट मिळते.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो आणि तिथून नसांच्या वाटेनं मेंदूकडं सरकतो. त्याला वाटेतच गाठायचं असतं. पहिलं काम म्हणजे नळाच्या धारेखाली, साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटं जखम धुणं. आधी धुतली नसेल तर आत्ता धुवा. मग आजच पोराला सीपीआरला (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. रक्त आलंय, म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला तिथंच अडवणारी तयार प्रतिपिंडं, लागतं. तसं स्पष्ट विचारा.

पिल्लू लहान म्हणून रेबीज नसतो, हे खोटं. उलट दोन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस टोचलेलीच नसते, ती तिसऱ्या महिन्यात देतात. त्याच्या आईला टोचलीय का, तिला कुणी चावलंय का, हे शेजाऱ्यांना विचारा. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, ते खरं. पण ते दहा दिवस वाट बघत लस लांबवायची नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आणि पोराला सांगा, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली. ती मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेल्या लसीची होती. आता दंडात चार-पाच बारीक टोचण्या, ठरलेल्या दिवशी. पहिलं घेतलं त्याला शून्यावा दिवस धरतात, मग तिसरा, सातवा आणि पुढं डॉक्टर कार्डावर लिहून देतील ते. पुढचं एकही चुकवायचं नाही. १८८५ साली लुई पाश्चरनं या लसीनं पहिल्यांदा वाचवला तो नऊ वर्षांचा मुलगाच होता. नातवाला ही गोष्ट सांगा, टोचायला जाताना रिक्षात.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर राजा रविवारी तांबड्या रश्श्यातला भात आणि नळ्या खातो. चार वर्षांत काही झालं नाही. परवा मात्र सारख्या उलट्या, पाठ वाकवून उभा राहत होता. सलाईन लावल्यावर बरा झाला. आता रविवारी ताटासमोर बसून रडतो. थोडं द्यायला काय हरकत आहे?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दादा, रडतो तो राजा नव्हे, तुमचं मन. तरी तुमचं दुखणं मला कळतं. रविवारी मटण नसलेलं घर कोल्हापुरात सापडणं अवघड आणि कुत्रं घरातलंच.

पाठ वाकवून उभं राहणं म्हणजे पोटातली कळ. तेलाचा तवंग आलेला रस्सा एकदम पोटात गेला की स्वादुपिंडाला सूज येते. राजाला बहुधा तेच झालं असावं. रश्श्यातला दुसरा चोर म्हणजे कांदा आणि लसूण. ते कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवल्यानं, वाळवल्यानं ते विष जात नाही. उलट कांदा-लसूण चटणीत ते घट्ट होऊन बसलेलं असतं. आजचं खाणं आजच बाधत नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. तोवर रविवार विसरलेला असतो आणि घरचे म्हणतात, ‘कशानं झालं कळंना.’

शिजलेलं हाड कच्च्यापेक्षा वाईट. त्याची काचेसारखी टोकदार शकलं होतात. नळीचा गोल तुकडा खालच्या जबड्यात बांगडीसारखा अडकलेलं कुत्रं मी वर्षातून दोन-तीनदा तरी बघतो. भूल देऊन करवतीनं कापून काढावी लागते.

तेव्हा फोडणीआधी राजाचं मटण बाजूला काढा. बिनमिठाचं, बिनहाडाचं, नुसतं उकडलेलं. त्याबरोबर भात किंवा ज्वारीची भाकरी आणि थोडा दुधी. त्याला वास मटणाचा येतो, मसाल्याचा अभिमान तुम्हाला आहे.

प्रश्न : गोठ्यात दोन म्हशी, दारात कुत्रा, घरात मांजर. गोचीड लई झाले म्हणून म्हशीचं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून तिघांनाही मारलं. म्हशींना काही झालं नाही, मांजर मात्र थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला. कुत्र्याचे गोचीड तर आठवड्यात परत आले.
– शेतकरी, करवीर तालुका

उत्तर : पाहुणं, पत्र येईपर्यंत मांजराचा निकाल लागला असणार. जगलं असावं, अशी आशा करतो. गोठ्यात मारायच्या बहुतेक औषधांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं. म्हशीला ते चालतं, मांजराला घातक ठरतं. आणि मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे अंगावर लावलेलं सगळं पोटात. असं पुन्हा झालं तर भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात अंग धुवायचं, टॉवेलात गुंडाळून ऊब द्यायची आणि लगेच दवाखाना. थरथर थांबवायची औषधं वेळेत मिळाली तर पुष्कळ मांजरं वाचतात.

म्हशीचा गोचीड वेगळा, कुत्र्याचा वेगळा. म्हशीचा बहुतेक आयुष्य म्हशीवरच काढतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड दर अवस्थेला खाली उतरतो आणि भिंतीवर चढतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी फटीत जाऊन हजारो अंडी घालते. तुम्ही कुत्रा धुतला, भिंत तशीच राहिली. म्हणून आठवड्यात परत. कुत्रा बांधता ती जागा, उंबऱ्याच्या फटी, पायरीखालचे दगड, पत्र्याचं वळचण, हे सगळं बघा. फटी सिमेंटनं बुजवा, चुना मारा. कुत्र्यासाठी महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायची गोळी मिळते. महाग वाटेल, पण गोचीडतापाच्या उपचारापेक्षा स्वस्त पडते.

गोचीडतापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या होतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी कॉफीसारखी. रक्त तपासल्याशिवाय औषध नको, कारण त्यात दोन-तीन वेगळे रोग असतात आणि त्यांची औषधंही वेगळी. एकात डॉक्सिसायक्लिन जवळजवळ चार आठवडे द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागतं आणि लोक पाकीट फळीवर ठेवून देतात. दीड महिन्यानं तेच पाकीट घेऊन माझ्याकडं येतात.

प्रश्न : आमचं घर नदीकडच्या बाजूला आहे. पूर आला तर दोन कुत्र्यांचं काय करायचं?
– शुक्रवार पेठ

उत्तर : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा ते ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा ३९ ऐकलं की कुत्री हलवायची, ४३ची वाट बघायची नाही. शहराच्या उंच भागात कुठल्या नातेवाइकाकडं कुत्री चालतात, हे आजच विचारून ठेवा. ऐन वेळी पाहुण्यांचं कुत्र्यावरचं प्रेम कमी होतं.

काही झालं तरी साखळीला बांधून जाऊ नका. २०१९ला आम्ही नावेतून गेलो होतो, तेव्हा एका जिन्याच्या कठड्याला नुसती साखळी दिसली, पाण्यात सरळ खाली गेलेली. नेता येत नसेल तर मोकळं सोडा, जनावर गच्ची शोधतं. पट्ट्यावर फोन नंबर, प्लास्टिकच्या पिशवीत लसीचं कार्ड, आठवड्याचं खाणं तयार ठेवा. लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाआधी झाली पाहिजे. उंदरांच्या मुतानं तो पुराच्या पाण्यातून पसरतो, आणि कुत्र्याइतकाच तुम्हालाही होतो. ओसरलेल्या घरात चिखल काढताना अनवाणी जाऊ नका.

प्रश्न : पोपटाला रोज हिरवी मिरची आणि सूर्यफुलाचं बी देतो. पिसं झडतात. टॉनिक सुचवा.

उत्तर : नुसत्या बियांवर ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून हे हाल. पण टॉनिक सुचवणार नाही. आपला गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वनखात्याशी बोला. दार उघडून एकदम सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला उडता येत नाही आणि खाली मांजर असतंच.

प्रश्न : मागच्या महिन्यात तुम्ही लिहिलंत की मोठ्या मांजराला दूध सोसत नाही. मग गंगावेशीत म्हशींच्या धारा काढतात तिथली मांजरं दूध पिऊन एवढी धडधाकट कशी?
– एक जुने वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : पकडलंत की राव! माझे वडील धारा काढायच्या याच कट्ट्यावर म्हशी आणायचे, त्यामुळं उत्तर घरचंच देतो. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवणारा रस मांजरात कमी होत जातो. काहींत तो बऱ्यापैकी टिकतो, काहींत संपतो. दोन चमचे देऊन दुसऱ्या दिवशी वाळू बघा. शी पातळ झाली तर तुमचं मांजर दुसऱ्या गटातलं. देणार असाल तर तापवून द्या आणि तुम्हीही तापवूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय येतो. मी धारोष्ण पिऊनच वाढलो, पण कॉलेजात पहिल्या वर्षी हे शिकलो आणि सुट्टीत घरी येऊन ग्लास परत केला. वडील आठवडाभर बोलले नाहीत.

आमच्या कट्ट्यावर चंदी नावाची मांजर होती. वडील पहिली धार तिच्या तोंडाकडं मारायचे, ती हवेतच चाटायची आणि बघायला पोरं जमायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही दुधावरच पोसलीय. रात्री गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यांमागं तिचं खरं जेवण चालायचं. सकाळी उंदरांच्या शेपट्या गोळा करायचं काम माझ्याकडं होतं.